धूळपाटीवरचे बोलणे

आमच्या घरात 'जातो' हा शब्द कोणी उच्चारीत नसे. बाहेर पडणाऱ्याने 'येतो' म्हणावे, मागे राहणाऱ्याने 'या' म्हणावे. तांदूळ संपले तर ते 'वाढले', हातातली बांगडी फुटली तर तीही 'वाढली'. दिवा विझवायचा नसे, त्याला निरोप द्यायचा असे. घराच्या पायात वास्तुपुरुष बसलेला असतो, तो अखंड 'तथास्तु' म्हणत असतो, आणि आपले एखादे अशुभ बोलणे त्याच्या 'तथास्तु'शी नेमके जुळले की ते खरे होते, ही श्रद्धा मला माझ्या वडिलांकडून मिळाली. मी ती शाळेतल्या मुलांना सांगितली, देवळातल्या पुराणात सांगितली, आणि अनसिंगहून लग्न होऊन आलेल्या माझ्या पत्नीलाही पहिल्याच वर्षी सांगितली. पुढे ती हा नेम माझ्याहून अधिक कसोशीने पाळू लागली. माझी ती श्रद्धा आजही तशीच आहे. पण तिच्याविषयी लिहिताना सत्तरच्या दशकातले एक वर्ष सांगितल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही.

वाशीम तेव्हा तालुक्याचे गाव होते. मी सकाळी हायस्कुलात संस्कृत शिकवीत असे आणि संध्याकाळी देवळात पुराण सांगत असे. गल्लीत कोणाकडे मृत्यू झाला की चार शब्द बोलण्यासाठी मला बोलावणे येई. सांत्वन मला जमते असा लोकांचा समज होता, आणि खरे सांगायचे तर माझाही होता. एखादी बाई नवऱ्याच्या आधी, कपाळावर कुंकू असताना गेली की तिच्या अंगणात उभा राहून मी म्हणत असे, "सोनं झालं." बायका डोळे पुसून माना डोलवीत. ते शब्द इतक्या घरांत मी इतक्या सहजपणे उच्चारले होते की त्यांच्याकडे वळून पाहण्याचे मला कधी कारण पडले नाही.

पत्नीला माहेरापासून तंबाखूची मिश्री लावायची सवय होती. तिच्या डाव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा उठला. पानातला चुना लागला असेल म्हणून तिने काही दिवस तूप लावले. मग त्या जागी जखम झाली, ती भरेना. गावच्या डॉक्टरांनी अकोल्याला पाठविले, अकोल्याच्या डॉक्टरांनी नागपूरला. तेथल्या मोठ्या दवाखान्यात गालाचा तुकडा काढून तपासला, आणि काही दिवसांनी डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावले.

"गुरुजी, कॅन्सर आहे," ते म्हणाले. "बराच आत पसरला आहे. किरणांचे शेक देऊ. त्याने दिवस थोडे सुसह्य होतील. बऱ्या होतील असे मात्र मी म्हणणार नाही."

ती बाहेर बाकावर बसली होती. मी तिला सांगितले की तोंड आले आहे, जरा जास्त आले आहे, शेकाने उतरेल. तिने माझ्याकडे पाहिले आणि मग बाकावर शेजारी बसलेल्या बाईकडे पाहिले. त्या बाईचा अर्धा चेहरा पांढऱ्या फडक्याने बांधलेला होता. पत्नीने मला काही विचारले नाही. धर्मशाळेत राहून शेक पूर्ण केले. परतताना अकोल्याला गाडी बदलली, तेव्हा फलाटावर ती एवढेच म्हणाली, "आता घरी पोचलं की झालं." पुढे घरात त्या आजाराचे नाव आम्ही कधी घेतले नाही. मी 'तोंडाचं दुखणं' म्हणे, ती तेवढेही म्हणत नसे.

शेकांनी तिचे तोंड आतून सोलून निघाले होते. शब्द उच्चारला की रक्त येई. डॉक्टरांनी बोलणे शक्य तितके टाळायला सांगितले होते, म्हणून मी बाजारातून एक पाटी आणि पेन्सिल आणली. तिची शाळा चौथीपर्यंत झालेली. अक्षर मोठे, वळणाचे, सावकाश येणारे. पण पेन्सिलीचा तो किरकिर आवाज तिच्या जबड्यात कळ उठवी. पहिल्याच दिवशी तिने कानांवर हात ठेवून पाटी दूर सारली.

तेव्हा मला वडिलांची धूळपाटी आठवली. हातभर लांबीची सागवानी फळी, तिला चारी बाजूंनी बोटभर उंचीचा काठ. फळीवर विटेची वस्त्रगाळ भुकटी पसरायची आणि बोरूच्या काडीने तिच्यात अक्षरे ओढायची. लिहून झाले की फळी हलवून काठाला टिचकी मारावी, भुकटी सपाट होते आणि अक्षर नाहीसे होते. आम्हाला मूलबाळ नव्हते. दसऱ्याला गल्लीतली लहान मुले पहिले अक्षर गिरवायला आमच्याकडे येत, तेवढ्यापुरती ती फळी माळ्यावरून खाली उतरे. मी नवी वीट कुटली आणि धोतराच्या पदरातून भुकटी गाळली. धूळपाटीवर लिहिताना काही आवाज होत नाही. पत्नीने काडी हातात घेतली आणि पहिला शब्द लिहिला: "पाणी."

तिची धाकटी बहीण सेवेसाठी अनसिंगहून येऊन राहिली होती. तिने ते पाहिले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काहून व ताई, म्हातारपनी भाऊजीच्या शाळेत नाव घातलं काय?"

पत्नीने लिहिले, "फी माफ हाये."

"आन् भाऊजीनं छडी मारली तं?"

"मारू दे. मी घरी सांगीन."

बहीण पोट धरून हसली. पत्नीला हसता येत नव्हते. तिने फळी हलवून ती अक्षरे पुसली आणि डोळ्यांनी हसली. त्या घरात कित्येक दिवसांनी कोणी हसले होते.

काही दिवस फळीवर घरातलेच बोलणे चाले. भाजीत मीठ कमी, गड्याला चहा द्या, तुळशीला पाणी घातले का. मग माझ्या लक्षात आले की दुपारी जेवणे झाल्यावर ती फळी घेऊन मागच्या पडवीत, भिंतीकडे तोंड करून बसते. बराच वेळ लिहिते, पुसते, पुन्हा लिहिते. माझी समजूत झाली की ती नामजप लिहीत असावी. आमच्याकडे रामनाम लिहिण्याची रीत होती आणि तिच्या वह्या पूर्वी भरलेल्या होत्या. मला समाधान वाटले. एके दिवशी मी म्हणालो, "जप वहीत लिहिलास तर तो राहील. धुळीवर लिहिलेला जप मोजायचा कसा?"

तिने मान हलविली. फळी माझ्याकडे वळवून लिहिले, "जप नाही."

"मग काय लिहितेस?"

तिने लिहिले, "जे घरात बोलाचं नाही ते."

मी काही म्हणणार, तोच तिने ती ओळ पुसून पुढची लिहिली, "वास्तुपुरुष ऐकते. वाचत नाही."

मी चकित होऊन त्या ओळीकडे पाहत राहिलो. लग्नाच्या पहिल्या वर्षी मीच दिलेला तो नेम. तो तिने मोडला नव्हता, त्याच्या आतच तिने स्वतःसाठी बसण्यापुरती जागा शोधली होती. माझ्या सवयीप्रमाणे मी मनात आधार चाळून पाहिले. वाणीचे दोष सांगितलेले आहेत, श्रवणाचे फळ सांगितलेले आहे. पण धुळीवर लिहून लगेच पुसलेल्या अशुभाचा दोष कोठे सांगितल्याचे मला आठवेना. मी म्हणालो, "बरोबर आहे." तिचा चेहरा एकदम सैल झाला. मला वाटते, ती त्या परवानगीची फार वाट पाहत असावी.

त्यानंतर ती कधी कधी फळी माझ्याकडे वळवू लागली. एके दुपारी लिहिले, "माह्या तोंडाचा वास येते काय? खरं सांगा."

"नाही गं," मी म्हणालो.

तिने काडी माझ्या हातात दिली आणि फळीकडे बोट दाखविले.

मी काडी धरून बसलो. तोंडाने 'नाही' म्हणणे सोपे गेले होते. बोललेल्या शब्दावर माझा सगळा जन्म गेला. मौखिक विद्येचा मी विद्यार्थी, लिहिण्याला मी आयुष्यभर दुय्यम मानले. पण त्या तांबड्या धुळीवर, तिच्या डोळ्यांसमोर, मला खोटे अक्षर काढता येईना. मी लिहिले, "येतो."

तिने ते वाचले. माझा हात अजून फळीवर होता. त्यावर तिने आपला हात ठेवला, मग फळी हलवली. दुसऱ्या दिवशी तिने बहिणीकडून लवंगा आणि कापूर मागवून घेतला, एका पुरचुंडीत बांधून उशाशी ठेवला, आणि मी जवळ बसलो की चेहरा भिंतीकडे वळविण्याची तिला लागलेली सवय त्या दिवसापासून सुटली. तोवर ती सवय मला दिसली होती, पण तिचे कारण कळले नव्हते.

चैत्र आला. घरी चैत्रगौर बसवायची की नाही असा प्रश्न होता. पत्नीने लिहून सांगितले की बसवायची. बहिणीने आरास केली, वाटली डाळ केली, पन्हे केले. पत्नी हिरवे लुगडे नेसून भिंतीला टेकून बसली. पन्ह्याचा घोट तिला घेववत नव्हता, तरी येणाऱ्या प्रत्येकीला ती खुणेने 'घ्या, घ्या' म्हणत होती. शेजारच्या वयस्क काकू तिला पाहायला आल्या आणि तिच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "जिवाले लावून घेऊ नोको, माय. धनी समोर हाये, कुंकू शाबूत हाये. बाईच्या जातीले आनखी काय पाह्यजे? तुह्यावानी भाग्याची कोन हाये सांग बरं?"

बाकीच्या बायकाही 'हो ना, हो ना' म्हणाल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. त्या मरणाचे नाव घेत नव्हत्या. आमच्या घराची रीत त्यांनाही ठाऊक होती. पण सगळ्यांना कळत होते की बोलणे कशाविषयी चालले आहे. पत्नीने हात जोडले. बहीण मात्र पातेले उचलून तरातरा आत निघून गेली.

बायका गेल्यावर पत्नीने फळी मागितली. लिहायला तिला वेळ लागला.

"साऱ्याजनी मले भाग्याची म्हनतात. मले जायचं नाही."

आमच्या घरात तो शब्द मी प्रथमच पाहत होतो. मी तिच्याजवळ बसलो आणि बोलू लागलो. देह कसा नाशवंत, आत्मा कसा अविनाशी, कुंकवानिशी जाणाऱ्या स्त्रीला कोणती गती सांगितली आहे. मी चांगले बोलत होतो. त्याच आवाजात, त्याच क्रमाने, जसे मी इतरांच्या अंगणात बोलत असे. मी बोलत असतानाच तिने फळीला टिचकी मारली. आपले वाक्य तिने पुसून टाकले आणि काडी माझ्यापुढे धरली. मी काडी घेतली.

सुचलेली प्रत्येक ओळ संस्कृतातली होती. एकही तिच्यासाठी नव्हती. शेवटी मी लिहिले, "तू नसलीस तर या घरात मला भीती वाटेल."

लिहून झाल्यावर मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. बराच वेळ फळी हलली नाही. मी वर पाहिले तेव्हा तिच्या गालावरून पाणी वाहत होते आणि ते तोंडात जाऊन जखमेला झोंबू नये म्हणून ती पदराने टिपत होती. तिने ती ओळ पुसली नाही. फळी तशीच अलगद उचलून मला कोनाड्यात ठेवायला लावली, आणि संध्याकाळी दिवा लागेपर्यंत ती ओळ तेथे होती. बहिणीने येता-जाता ती वाचली असणार. त्या दिवशी तिने मला जेवताना दोनदा तूप वाढले.

पुढे लिहिणे कमी होत गेले. उजव्या हाताला सूज आली, काडी पकडता येईना, तेव्हा ती बोटानेच लिही. एखाद्या दिवशी एकच शब्द: "मिरची". तिला ठेचा आणि भाकरी खावीशी वाटे. कधी बहिणीसाठी लिही की लोणच्याची बरणी उन्हात ठेव. कधी मला दाखविण्यासाठी नव्हे, नुसतीच लिही आणि पुसे. मी तेव्हा उठून अंगणात जात असे. त्या पुसलेल्या ओळींत काय होते ते मला ठाऊक नाही, आणि ते मला ठाऊक असायलाही नको. एवढेच मी पाहिले, की लिहून झाल्यावर तिला थोडी झोप लागे. औषधाने जी येत नसे ती झोप.

श्रावणात एका सकाळी तिने मला जवळ बसविले आणि फळीवर बोटाने एकेक ओळ लिहून, पुसून, पुढची लिहिली.

"बायका सोनं झालं म्हनतील."

"तुमी म्हनू नका."

"सांगा. हिले जायचं नव्हतं म्हना."

मी म्हणालो, "असलं काही लिहू नको." ती वाट पाहत राहिली. तिने आयुष्यात माझ्याकडे फारसे काही मागितले नव्हते; आणि हे मागणे साधे दिसले तरी माझ्यासाठी साधे नव्हते. मला ते घरात, मोठ्याने, लोकांसमोर बोलायचे होते. इतकी वर्षे मी गावाला जे सांगत आलो त्याच्या उलट बोलायचे होते. तिच्या पुढच्या गतीला माझ्या शब्दाने बाध तर येणार नाही ना, या शंकेनेही मला घेरले. ती शंका मी तिला सांगितली नाही. ती वाट पाहत होती. मी काडी घेऊन लिहिले, "सांगेन." तिने त्या अक्षरांवरून बोट फिरविले, मुले गिरवतात तसे, आणि मग ती पुसली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. रस्त्यावर पोरे लाकडी बैल ओढत होती. बहिणीने तिला न्हाऊ घातले, हिरवे लुगडे नेसविले, कपाळभर कुंकू लावले. बायका येत होत्या, ओटी भरत होत्या, पायांवर डोके ठेवत होत्या. प्रत्येक बाई म्हणत होती, "सोनं झालं, माय, सोनं झालं." मी खांबाला धरून उभा होतो. ते शब्द पूर्वी माझ्या तोंडून बाहेर पडत. आज ते प्रथमच माझ्या कानांवर पडत होते.

काकू माझ्याकडे वळल्या. "शास्त्रीबुवा, तुमी तं साऱ्याईले सांगता. आता आपल्या जिवालेबी सांगा. सोनंच झालं न तिचं?"

सगळ्या बायका थांबल्या. मान हलविली असती तरी भागले असते. दुःखात बुडालेल्या माणसाने त्याहून अधिक काही करावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. बहीण पायथ्याशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही, पण हातातली हळदीची वाटी तिने जमिनीवर ठेवली.

"नाही," मी म्हणालो. "सोनं झालं नाही. तिले जायचं नव्हतं."

बोलल्यावर मला जाणवले की मी तिच्याच बोलीत बोललो. आता बहीण मोठ्याने रडू लागली. सकाळपासून तिने अश्रू काढला नव्हता. कोणी तरी 'अशुभ, अशुभ' असे पुटपुटले. काकू मात्र तशाच उभ्या राहिल्या. मग त्या सावकाश खाली बसल्या, माझ्या पत्नीचा हिरव्या बांगड्यांचा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "कोनाले असते जायचं, बाप्पा." आणि त्यांनाही रडे आवरेना. त्या स्वतः कधीच्याच विधवा होत्या, आणि त्यांची एक सून अशीच गेली तेव्हा त्यांच्याच अंगणात उभा राहून मी 'सोनं झालं' म्हणालो होतो.

समाचाराची बोलावणी मला पुढेही येत राहिली. मी जातो, बसतो. ते शब्द मी पुन्हा उच्चारले नाहीत. काही घरांत लोकांना वाटले की शास्त्रीबुवांना आता बोलणे सुचत नाही, आणि ते खोटेही नव्हते. दरवर्षी भाद्रपदात अविधवा नवमीला मी एका सुवासिनीला जेवू घालतो. पानात ठेचा असतो.

दसऱ्याला मुले अजूनही धूळपाटीवर गिरवायला येतात, पण ती आता मी माळ्यावर ठेवीत नाही. दुपारी मागच्या पडवीत, भिंतीकडे तोंड करून मी तिच्यावर थोडे लिहितो. घरात बोलू नये असे माझ्याजवळही काही आहे. लिहून झाले की काठाला टिचकी मारतो, आणि त्यानंतर कधी कधी मलाही झोप लागते.